दहा मुलांचा वर्ग

हैदराबाद शहराच्या पूर्व अंगास, मुसी नदीच्या उत्तर तीरावर अंबरपेठ नावाची जुनी वस्ती आहे. एके काळी येथे बागा होत्या. ‘बाग अंबरपेठ’ हे तेथील एका भागाचे नाव अजूनही त्याची आठवण देते. आज बागांच्या जागी घरांची दाटी झाली आहे. उत्तरेस उस्मानिया विद्यापीठ, पश्चिमेस गोलनाका व काचीगुडा, आणि मध्ये अरुंद गल्ल्या. एका दारी तेलुगू ऐकू येते, दुसऱ्या दारी उर्दू, तिसऱ्या दारी हिंदी, आणि चार पावले पुढे गेल्यावर एखादी आजी नातवाला मराठीत रागे भरताना कानी पडते. काचीगुडा, सुलतान बाजार, अंबरपेठ या पट्ट्यात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून नांदत आली आहेत.

वाचकहो, अशा वस्तीतील एखाद्या लहानशा प्राथमिक शाळेचा क्षणभर विचार करा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्या कायद्यान्वये पहिली ते पाचवीपर्यंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक नेमावेत असे ठरले. पन्नास-पंचावन्न मुलांच्या शाळेला, म्हणजे, दोन शिक्षक. इयत्ता पाच, घरच्या भाषा तीन किंवा चार, आणि शिकविणारी तोंडे दोन! ही वजाबाकी कोणत्याही मुख्याध्यापकाला सोडविता येणारी नव्हे. म्हणूनच लहान शाळा ही केवळ शिक्षकांच्या बळावर कधीच चालत नसते. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावर चालते, आणि जेथे शेजारी पाठ फिरवितात तेथे ती काही वर्षांत बंद पडते.

या विषयात एक आकडा फार महत्त्वाचा आहे व आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसतो. तो आकडा दहा. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात, प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली. ज्या मुलांची मातृभाषा त्या प्रांताच्या भाषेहून निराळी आहे त्यांचे काय करावे, हा प्रश्न तिच्यापुढे होता. परिषदेने असे ठरविले की, एका शाळेत अशा भाषेची चाळीस मुले असतील, अथवा एका वर्गात दहा असतील, तर त्यांना त्यांच्या मातृभाषेत शिकविण्यासाठी निदान एक शिक्षक द्यावा. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी घटनेत ३५० (अ) हे कलम घालण्यात आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी तजवीज करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले.

दहा मुले असली की हक्क मागता येतो. नऊ असली की विनंती करावी लागते. एका घराने प्रवेशपत्रावर ‘मातृभाषा’ या रकान्यात मराठीऐवजी दुसरेच काही लिहिले, तर शेजारच्या नऊ घरांचा दावा त्या एका ओळीने दुबळा होतो. पुष्कळ बाप सोयीसाठी किंवा लाजेपोटी तसे लिहितात. शाळेतील साहेबाला राज्याची भाषा सांगितली म्हणजे मुलाकडे जास्त लक्ष जाईल, अशी भोळी समजूत त्यामागे असते. लक्ष जास्त जात नाही. फक्त मोजणीत एक मूल कमी होते.

आता थोडे मागे जाऊ. निजामाच्या राज्यात निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलणारी होती, सुमारे चौथा हिस्सा मराठी होता, त्याहून थोडी कानडी होती. उर्दू ही थोड्यांचीच घरची भाषा होती. तरी दरबार, कचेरी व वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचेच. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ते मोठे धाडस होते, आणि त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण मराठवाड्यातून आलेल्या मुलाला इंग्रजी काय आणि उर्दू काय, दोन्ही सारख्याच परक्या. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि ती मिळविणे सोपे नसे.

अशा काळात, १९०७ च्या सुमारास, हैदराबादेत ‘विवेकवर्धिनी’ ही शाळा निघाली. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक ही नावे तिच्याशी कायमची जोडलेली आहेत. केशवराव (१८६७–१९३२) वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. हैदराबादेतील मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे, हा तिच्यामागचा हेतू. सरकारी तिजोरीच्या भरवशावर अशी शाळा उभी राहणे शक्यच नव्हते. तिच्यामागे समाज उभा राहिला तेव्हाच ती उभी राहिली. संस्था वाढली, तिचे नाट्यगृह झाले, आणि ते शहरातील सार्वजनिक सभांचे एक प्रमुख ठिकाण बनले. केशवरावांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात १९४० मध्ये जी शाळा सुरू झाली, ती आज ‘केशव मेमोरियल’ या नावाने शहरात सर्वांच्या परिचयाची आहे.

येथपर्यंतची हकीकत मराठी माणूस अभिमानाने सांगतो, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु त्याच नाट्यगृहात जे पुढे घडले ते मराठी पुस्तकांत क्वचितच आढळते. तेलंगणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ते ठळकपणे येते.

१९२१ च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम संस्थानातील समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होते महर्षी धोंडो केशव कर्वे, त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे. इंग्रजीत भाषणे झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. लोकांनी ती शांतपणे ऐकली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील उठले आणि एका ठरावावर तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांत मराठी मंडळी बहुसंख्य होती. त्यांनी टाळ्या पिटल्या, हेटाळणी केली, गोंगाट केला. वक्त्याला बोलणे पुढे नेता आले नाही. ज्या शहराच्या भोवताली कोसन् कोस तेलुगूच बोलली जाते, त्या शहरात, आपल्या मातृभाषेसाठी झगडून उभारलेल्या शाळेच्या नाट्यगृहात, तेलुगू भाषेची ही अवस्था झाली.

त्याच रात्री काही तेलुगू गृहस्थ एकत्र जमले व त्यांनी ‘आंध्र जनसंघम्’ या संस्थेची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव व बुर्गुल रामकृष्णराव हे त्यांच्यापैकी होते. याच संस्थेतून पुढे आंध्र महासभा निर्माण झाली व तेलंगणाच्या सार्वजनिक जीवनाला नवी दिशा लागली. बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले. मराठीची त्यांना चांगली ओळख होती. १९५२ ते १९५६ या काळात ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे त्या रात्री दुखावलेल्या मंडळींत मराठी न कळणारे कोणी परके होते, असे समजू नये.

ही गोष्ट मी मराठी वाचकांना खिजविण्यासाठी सांगत नाही. तिला दुसरा भाग आहे आणि तो पहिल्याहून मोठा आहे.

माडपाटी हनुमंतरावांनी १९२८ साली नारायणगुड्यात तेलुगू मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. शाळा चालू लागली, मुली येऊ लागल्या. पण वरच्या परीक्षेस बसवावयाचे कोठे? उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. तेथे तेलुगू माध्यमाच्या शाळेस मान्यता मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा हनुमंतरावांनी मदत मागितली ती कोणाकडे? कर्व्यांच्या महिला विद्यापीठाकडे! तेच कर्वे, ज्यांच्या अध्यक्षतेखालील सभेत तेलुगू वक्त्याला बसावे लागले होते. १९१६ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे मुख्य तत्त्वच असे होते की, मुलींना त्यांच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे व इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवावा. त्या तत्त्वात मातृभाषा म्हणजे मराठीच असे कोठेही म्हटलेले नव्हते. नारायणगुड्याची ती शाळा कर्व्यांच्या विद्यापीठाशी जोडली गेली आणि हैदराबादच्या तेलुगू मुली एका मराठी माणसाने स्थापिलेल्या विद्यापीठाच्या परीक्षा देऊ लागल्या.

शाळेचे समाजाशी सहकार्य म्हणतात ते हे. निधी, देणगी, पंखे, बाके यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. (काही ठिकाणी देणगीदाराचे नाव शाळेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगविलेले आढळते, तेवढे सोडून.) पण पुण्याच्या संस्थेने हैदराबादच्या शाळेला दिले ते पैशाने मोजता येणारे नव्हते. ज्यांच्याशी आपली भाषा जुळत नाही त्यांना त्यांच्याच भाषेत पुढे जाण्यास वाट करून दिली. हनुमंतराव पुढे हैदराबादचे पहिले महापौर झाले. कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. तरीही सभेतील ती घटना जितकी आठवली जाते तितकी ही आठवली जात नाही. मनुष्यस्वभावच असा आहे की अपमान पाठ होतो आणि उपकार विसरतो.

मराठी व तेलुगू यांचे हे देणेघेणे त्याआधीही चालू होते. हैदराबादेतील तेलुगूचे आद्य ग्रंथालय ‘श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम्’ हे १९०१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे नागपुरात शिकले. ते मराठीत लिहीत असत. पुढे १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. त्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंहराव होते. त्यांनीच पुढे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. पंतप्रधानपद पुष्कळांना मिळते. शेजारच्या भाषेतील विधवेचे दुःख आपल्या भाषेत उतरविण्याची कळकळ थोड्यांना असते.

आता अंबरपेठेकडे परत येऊ, कारण जे मोठ्या माणसांनी विद्यापीठांच्या पातळीवर केले तेच लहान शाळेत बाकावर बाक लावून करावयाचे असते.

तेलंगणात २०१८ च्या कायद्याने पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक शाळेत तेलुगू शिकविणे आवश्यक झाले आहे. हे योग्यच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मातीत राहावयाचे तिची भाषा न शिकणे हे मुलाचे नुकसान आहे, आणि त्याच्या शेजाऱ्याचा अनादरही. परंतु मराठी घरातील सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी शाळेत जाते तेव्हा त्याला ‘पुस्तक’, ‘पाणी’, ‘आई’ हे तीन शब्द समजणारे कोणी तरी वर्गात असावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. ‘शक्य तेथे’ हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. शक्य कोणी करावयाचे, हे धोरण सांगत नाही.

ते आयांनी करावयाचे. शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये ‘अम्मा आदर्श पाठशाला’ या नावाच्या समित्या नेमल्या; महिला बचतगटांतील बायका त्यांत आहेत आणि पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, किरकोळ दुरुस्ती ही कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. नळ गळतो की नाही हे आईइतके कोणाला कळणार? पण नळ दुरुस्त करून समितीने घरी जावे असे मला वाटत नाही. आठवड्यातून एक तास एखाद्या मराठी आईने वर्गात बसून गोष्ट सांगावी, पुढच्या आठवड्यात उर्दू बोलणाऱ्या आईने, त्यानंतर तेलुगू आजीने. या कामाला पदवी लागत नाही. दोन शिक्षकांना तेवढा तास इतर इयत्तांकडे लक्ष देता येते, आणि मुलाला कळते की आपल्या आईची भाषा शाळेच्या फाटकाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावयाची वस्तू नाही.

भाद्रपद अमावास्येपासून तेलंगणात बतुकम्मा सुरू होते. बायका-मुली फुलांचा मनोरा रचून त्याच्याभोवती फेर धरतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडील हिंदू घरांतील मुली भोंडल्याचा फेर धरतात, पाटावर हत्ती काढून. दोन्हींत गाणी, दोन्हींत माहेर, दोन्हींत खिरापत किंवा तिच्यासारखे काही तरी. बतुकम्मेत जे पिवळे फूल मुख्य असते त्याला तेलुगूत ‘तंगेडु’ म्हणतात. तोच आपल्या माळरानावरचा तरवड. ‘गुनुगु’ म्हणतात तो आपला कुर्डू. शिक्षकाने एका सकाळी ही दोन फुले टेबलावर ठेवावी आणि वर्गाला नावे विचारावीत: तेलुगू नाव, मराठी नाव, उर्दूत काय म्हणतात ते. वनस्पतिशास्त्र, भाषा आणि शेजारधर्म यांचा पाठ एकाच तासात होईल, आणि तोही विनामूल्य. अंबरपेठेत ज्या तलावाला या उत्सवाचे नाव आहे, तो बतुकम्मा कुंटा कित्येक वर्षे बुजून गेला होता; २०२५ मध्ये तो पुन्हा खोदून पाण्याने भरला. तेथे मुलांना चालत नेता येईल.

मोठी मुले असतील तर त्यांना शाळेचेच शब्द तपासण्यास द्यावेत. आपण ‘हजेरी’ घेतो, ‘दप्तर’ आवरतो, ‘दाखला’ काढतो. हे तिन्ही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले. थोरल्या बहिणीला काही घरांत ‘अक्का’ व भावाला ‘अण्णा’ म्हणतात. ते दक्षिणेकडून आले. मराठी मूल उर्दूच्या व तेलुगूच्या शेजारात बसले आहे हे काही आजचे नवल नव्हे. त्याची भाषाच शेकडो वर्षे तशी बसलेली आहे.

वाचक म्हणतील, हे सारे हैदराबादचे झाले. आमच्या गावाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. वसईकडील आपल्या ख्रिस्ती गावांत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. चर्चच्या आवारातील शाळेत मूल गेले की त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येई, आणि ‘अशुद्ध बोलू नको’ म्हणून त्याला दटावले जाई. आता तर घराघरांतून इंग्रजीची ओढ आहे आणि मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत. तेथेही मोजणी चालूच असते. शिवाय आज त्याच गावांत उत्तरेकडून आलेल्या मजुरांची मुले आहेत, डोंगरपट्ट्यातील वारली मुले आहेत. आपल्या शाळेत ती बसतात तेव्हा त्यांच्या बोलीला आपण हसतो काय, हे घरी जेवताना मुलांना विचारून पाहावे. सोळाव्या शतकात गोव्यास आलेल्या इंग्लिश फादर स्टीफन्सने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण त्या परदेशी माणसाला येथील कोणी तरी धीराने, न हसता, एकेक शब्द शिकविला असेलच. त्या शिकविणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

अंबरपेठेतील व आसपासच्या मराठी कुटुंबांसाठी दोन व्यावहारिक सूचना देऊन थांबतो. तेलंगणात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्याआधीच शेजारची चार मराठी घरे हिंडून या वर्षी पहिलीत कोण कोण जाणार याची यादी करावी. शक्य असल्यास ती सारी मुले एकाच शाळेत घालावी. पाच शाळांत दोन-दोन विखुरली तर कोठेच दहा होत नाहीत. प्रवेशपत्रावर मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असे स्वच्छ अक्षरांत लिहावे व मुख्याध्यापकांकडे आयांच्या सहीचा लेखी अर्ज द्यावा. अर्ज तेलुगूत लिहून घ्यावा. शेजारच्या तेलुगू बाईंना सांगितले तर त्या आनंदाने लिहून देतील; आणि त्यांचे मूल त्याच शाळेत जात असेल, तर त्या अर्ज घेऊन बरोबरही येतील.